वायपर अर्ध्या काचेवर थांबतो : मोटर बदलण्याआधी काय काय तपासावे?

घाटवाट

नमस्कार. माझ्याकडे आठ वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि कोल्हापूर ते रत्नागिरी या रस्त्यावर, म्हणजे आंबा घाटातून, माझे नेहमी जाणे-येणे असते. या पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनच पुढच्या काचेचे वायपर मंदावल्यासारखे वाटत होते. परंतु काच पुसली जात होती, म्हणून मी फक्त रबराची पाती नवीन बसवून घेतली. गेल्या आठवड्यात घाट उतरून साखरप्याकडे येत असताना जोराची सर आली आणि दोन्ही दांडे काचेच्या मध्यावरच थांबले. मोटरचा घुमल्यासारखा आवाज येत होता, पण दांडे हलत नव्हते. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घेऊन, किल्ली बंद करून थोडा वेळ थांबलो. नंतर वायपर पुन्हा सुरू झाले, मात्र काही अंतरानंतर तोच प्रकार घडला.

फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत आहे. हळू आणि जलद या दोन वेगांमध्ये पूर्वी स्पष्ट फरक होता, तो आता जवळजवळ उरलेला नाही. एका गॅरेजमध्ये बोनेटही न उघडता ‘मोटर गेली, पूर्ण सेट बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. खर्च करण्याची माझी तयारी आहे, परंतु दोष नक्की कुठे आहे हे कळल्याशिवाय भाग बदलणे मनाला पटत नाही. मल्टिमीटर आणि नेहमीचे पाने माझ्याकडे आहेत. कोणत्या क्रमाने तपासणी करावी, याचे मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाऊसवेडा_नाशिक

फ्यूज शाबूत असल्यास रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा विद्युत स्विच, तपासा. बऱ्याच गाड्यांमध्ये वायपरच्या आणि हॉर्नच्या रिलेचा क्रमांक सारखाच असतो. तसे असेल तर दोन्हींची अदलाबदल करून पाहता येते आणि त्याला काही खर्च येत नाही. मात्र रिलेवर छापलेला क्रमांक आणि पायांची मांडणी जुळते आहे, याची आधी खात्री करून घ्या.

जुना_वायरमन

मी सांगलीत अनेक वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केले आहे. घाटवाट यांनी लक्षणे इतकी नीट नोंदवली आहेत की त्यांवरूनच बरेच काही सांगता येते, म्हणून सविस्तर लिहितो.

रिलेचा दोष मला इथे संभवत नाही. रिले बिघडला तर वायपर सुरूच होत नाहीत, किंवा थांबून-थांबून चालण्याची सोय तेवढी बंद पडते. वायपर मंद होत-होत मध्येच अडकणे हे रिलेचे लक्षण नव्हे. मोटरचा आवाज येतो आहे, याचाच अर्थ वीज तिथपर्यंत पोहोचते आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की, मोटरची ताकद कमी झाली आहे की तिच्यावरचा भार वाढला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या न करता मोटर बदलली जाते, आणि म्हणूनच नवी मोटरही एक-दोन पावसाळ्यांत जळते. असे मी वारंवार पाहिलेले आहे.

ही यंत्रणा आतून कशी असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या चाचण्यांचा अर्थ लागेल. मोटर बारा व्होल्टची, कायमचुंबकाची असते आणि तिच्यात बहुधा तीन कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे, असतात. एक ब्रश दोन्ही वेगांसाठी सामाईक, दुसरा त्याच्या बरोबर समोर हळू वेगासाठी आणि तिसरा थोडा तिरका, जलद वेगासाठी. मोटरच्या दांड्यावर वर्म गिअर असतो. तो वेग कमी करून जोर वाढवतो आणि एक छोटा क्रँक गोल फिरवतो. या क्रँकला लिंकेजचे दांडे जोडलेले असतात. तेच गोल फिरण्याचे रूपांतर काचेवरच्या पुढे-मागे जाण्यात करतात. दोन्ही बाजूंना, जिथे वायपरचा दांडा नटने बसवलेला असतो, तिथे एकेक पिव्होट म्हणजे बुशमध्ये (धातूच्या नळीत) फिरणारा स्पिंडल (आस) असतो. पावसाचे पाणी पहिल्यांदा शिरते ते याच ठिकाणी.

फक्त हळू वेग गेला किंवा फक्त जलद वेग गेला असता, तर मी त्या-त्या ब्रशवर, त्याच्या तारेवर किंवा स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचवर संशय घेतला असता. आपल्याकडे दोन्ही वेग सारखेच मंद झाले आहेत आणि त्यांतला फरकही मिटला आहे. जलद वेगाला मोटरचा जोर कमी असतो. त्यामुळे भार फार वाढला की जलद वेग फक्त नावापुरता उरतो. थोडा वेळ थांबल्यावर वायपर पुन्हा चालू झाले, ही नोंदही महत्त्वाची आहे. पुष्कळ मोटरींच्या आत उष्णतेने उघडणारी एक द्विधातूची पट्टी असते. मोटर जास्त तापली की ती वीज तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. फ्यूज न उडण्याचे कारणही बहुधा हेच असावे.

पुढे जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. वायपर मध्यावर थांबलेले असताना स्विच बंदच्या जागी ठेवून किल्ली पुन्हा चालू केली, तर दांडे आपोआप खाली त्यांच्या जागेवर येतात का?

घाटवाट

होय, येतात. त्या दिवशी थांबून किल्ली फिरवली तेव्हा स्विच बंद होता, तरीही दोन्ही दांडे अगदी सावकाश खाली आले आणि बरोबर आपल्या जागेवर थांबले. हे विचारण्यामागचा हेतू कळला तर बरे होईल.

जुना_वायरमन

मोटरच्या गिअरच्या डब्यातच एक छोटा स्विच असतो, त्याला पार्क स्विच म्हणतात. आपण वायपर बंद केल्यावर दांडे मध्येच न थांबता खाली येऊन थांबतात, ते याच्यामुळे. दांडे खाली पोहोचेपर्यंत हा स्विच मोटरला वेगळ्या वाटेने वीज देत राहतो. दांडे जागेवर आले की ती वाट तोडून मोटरची दोन टोके आपसांत जोडतो, त्यामुळे मोटरला ब्रेक लागतो आणि दांडे नेमके त्याच ठिकाणी थांबतात. वायपर बंद केल्याक्षणी असतील तिथेच थांबत असतील, तर दोष या स्विचमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत असतो. दांडे खाली न थांबता एकसारखे फिरतच राहत असतील, तर पार्क स्विचचे संपर्क चिकटलेले असतात किंवा रिले अडकलेला असतो. आपले दांडे स्विच बंद असताना स्वतः खाली आले, म्हणजे पार्क स्विच, त्याची तार आणि मोटर या तिन्ही गोष्टी काम करत आहेत. माझा संशय आता लिंकेजवर आणि पिव्होटवर आहे.

यातूनच एक सावधगिरीची सूचना निघते. वायपर मध्येच अडकले आणि आपण नुसता वायपरचा स्विच बंद केला, तर पार्क स्विचच्या वाटेने मोटरला वीज मिळतच राहते. अडकलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह जातो आणि ती तापत राहते. म्हणून अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून किल्लीच बंद करावी. घाटवाट यांनी ती बंद केली, त्यामुळे मोटर वाचली असण्याची शक्यता मोठी आहे.

आता पुढील तपासणी. इंजिन चालू ठेवा, काच भरपूर ओली करा आणि वायपर हळू वेगावर चालवा. मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ते साधारण १३.८ ते १४.५ असायला हवे. त्यानंतर मोटरच्या कपलरवर (तारा जोडण्याच्या प्लगवर), वायपर चालत असतानाच, मोजा. दोहोंमध्ये अर्ध्या-एक व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर वायरिंगमध्ये, कपलरच्या पिनांमध्ये किंवा स्विचमध्ये वीज अडते आहे. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी वाट, वेगळे तपासा. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटरच्या अर्थच्या पिनवर ठेवा. वायपर चालू असताना तिथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा दिसला तर अर्थ उत्तम आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसल्यास अर्थचा बोल्ट काढून, गंज घासून, पुन्हा घट्ट बसवावा. वायपर बंद ठेवून घेतलेल्या मोजमापाला काही अर्थ नाही, कारण विद्युतप्रवाह वाहत नसताना खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

काही नव्या गाड्यांमध्ये बोनेट उघडे असताना वायपर चालू नयेत अशी व्यवस्था असते. तसे आढळल्यास तो बिघाड समजू नये.

यंत्रवेध

वरील विवेचन उत्तम आहे. मंद म्हणजे नक्की किती मंद, यासाठी एक ठोस माप देतो. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०४ नुसार वायपरला किमान दोन वेग असावे लागतात. त्यांतील जलद वेग मिनिटाला ४५ किंवा अधिक फेऱ्यांचा आणि हळू वेग २० किंवा अधिक फेऱ्यांचा असावा लागतो. दोहोंमध्ये किमान १५ फेऱ्यांचा फरक असणेही आवश्यक असते. एक फेरी म्हणजे दांड्याने वर जाऊन परत खाली येणे. आपल्याकडील गाड्यांनाही हे आकडे अंदाजासाठी वापरता येतात. काच ओली ठेवून घड्याळ लावून फेऱ्या मोजाव्यात. कोरड्या काचेवर केलेली मोजणी फसवी ठरते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ नुसार पुढची काच असलेल्या वाहनाला कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे. पावसाळ्यात तो बंद पडला तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे म्हणता येत नाही.

मोहोर_देवगड

धागाकर्त्यांच्या विषयाला लागूनच एक प्रश्न विचारते. माझ्या गाडीचे वायपर थांबत नाहीत, पण पाती काचेवरून उड्या मारत जातात आणि ‘खडखड’ असा आवाज येतो. वर जाताना काच नीट पुसली जाते, खाली येताना मात्र पट्टे उठतात. पाती दोनदा बदलली, तरी फरक पडला नाही. हेही मोटरचेच लक्षण समजावे का?

रबरपट्टी

नाही ताई, यात मोटरचा संबंध नाही. एका दिशेने पुसणे चांगले आणि दुसऱ्या दिशेने वाईट, हे बहुतेक वेळा दांडा पिळला गेल्याचे लक्षण असते. रबराची कड काचेवर किंचित मागे झुकून सरकली पाहिजे आणि दांडा उलट फिरला की तिनेही दुसऱ्या बाजूला कलंडले पाहिजे. दांडा पिळलेला असेल तर कड एका दिशेने नीट ओढली जाते, पण परत येताना काचेत रुतते, अडखळते आणि उडी मारते. गाडी धुताना दांडा ओढला गेला किंवा वॉशिंग सेंटरच्या ब्रशने तो वाकला, की असे होते. पाते काढून ठेवा, दांड्याचे टोक काचेजवळ आणा आणि ज्या पट्टीवर पाते बसते ती काचेला समांतर आहे की एका बाजूने उचललेली आहे, ते पाहा. समांतर नसेल तर दोन पकडींनी अगदी थोडे-थोडे पिळून ती सरळ करता येते. मात्र काचेवर आधी जाड टॉवेल घालावा. पाते नसलेला दांडा स्प्रिंगच्या जोराने आपटला, तर काचेला तडा जाण्याची पुरेपूर भीती असते.

दुसरी शक्यता काचेवरच्या थराची आहे. आपण देवगडच्या म्हणता, तेव्हा गाडी आंब्याखाली उभी राहते का, ते आठवून पाहा. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे जो चिकट गोडसर द्रव सोडतात, तो पानांप्रमाणेच खाली उभ्या गाड्यांच्या काचांवरही पडतो आणि उन्हाने घट्ट बसतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही. पावसाळ्यात त्यावर धूळ आणि डिझेलच्या धुराचा तेलकट थर चढला, की नवे रबरसुद्धा खडखडते. काच आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन दोनदा पुसावी. कापड काळे होणे थांबेपर्यंत पुसत राहावे. रबराची कडही त्याच कापडाने हलकेच पुसावी. गाडी धुणारे पॉलिश करताना मेण काचेवरही फासतात, त्यानेही हाच त्रास होतो.

मोहोर_देवगड

गाडी कलमाखालीच उभी असते. आधी काच स्वच्छ करते आणि मग दांडा तपासते. मनापासून आभार.

घाटवाट

मोजमापे घेतली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, मोटरच्या कपलरवर वायपर चालताना १३.७ व्होल्ट आणि अर्थचा फरक ०.१ व्होल्ट. ओल्या काचेवर हळू वेगाच्या फेऱ्या मिनिटाला अठरा आणि जलद वेगाच्या बावीस भरल्या. आता लिंकेज कसे सोडवायचे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

जुना_वायरमन

वायरिंग निर्दोष आहे. आता खोलण्याचे काम.

प्रथम वायपर एकदा चालवून बंद करा, म्हणजे दांडे जागेवर थांबतील. पाती काचेवर जिथे टेकतात, त्या रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करा. नंतर किल्ली काढून घ्या आणि बॅटरीचे ऋण टोक सुटे करा. ही पायरी कोणीही गाळू नये; लिंकेजमध्ये बोट असताना मोटर फिरली तर बोट वाचत नाही. दांड्याच्या बुंध्यावरची प्लास्टिकची टोपी काढून नट सोडवा. दांडा स्पिंडलच्या दात्यांवर घट्ट बसलेला असतो. गंजरोधक स्प्रे मारून थोडा वेळ थांबा, मग हाताने डावी-उजवीकडे हलवत उचला, आणि तरीही न निघाल्यास छोटा पुलर वापरा. हातोडीचा घाव घालू नका, त्याने पिव्होटचा साचाच फुटतो. त्यानंतर काचेखालची प्लास्टिकची जाळी, जिला काउल म्हणतात, तिच्या क्लिपा आणि स्क्रू काढून ती उचला.

खाली मोटर आणि लिंकेज दिसेल. क्रँकवरचा लिंकेजचा जोड हा गोळी आणि वाटी अशा पद्धतीचा असतो. रुंद तोंडाच्या पेचकसाने सावकाश उचकला की तो सुटतो. क्रँकचा मोटरवरचा नट मात्र सोडवू नका, नाहीतर पार्क होण्याची जागा बदलते. आता लिंकेज हाताने हलवून पाहा. ते एका बोटाने, कोठेही न अडता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले पाहिजे. मग बॅटरी जोडून, हात दूर ठेवून, एकटी मोटर दोन्ही वेगांवर चालवून पाहा. मोटर मोकळेपणाने फिरली आणि वेगांमधला फरक स्पष्ट दिसला, तर तिच्यावर पैसे घालण्याचे कारण नाही.

मांडवीकाठ

मी पणजीत असतो आणि समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा हा त्रास इकडे पुष्कळ आढळतो. जाळी काढलीच आहे तर त्याखालची पन्हाळ अवश्य साफ करावी. काचेवरचे सगळे पाणी तिथे उतरते आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून खाली जाते. ती छिद्रे पानांनी आणि मातीने बुजली की पाणी साचून राहते, आणि पिव्होट व मोटर दोन्ही पावसाळाभर त्या ओलाव्यात राहतात. गुलमोहराची बारीक पाने यात सर्वांत वाईट, कारण ती जाळीतून सहज आत जातात आणि कुजून चिखल होतो.

घाटवाट

उकल झाली. क्रँकपासून लिंकेज सुटे केल्यावर मोटर दोन्ही वेगांवर व्यवस्थित फिरली. लिंकेज मात्र हाताने हलवायला दोन्ही हातांचा जोर लागत होता. दोन पिव्होट वेगळे करून पाहिले. चालकाकडचा मोकळा होता, डावीकडचा जवळपास जाम झालेला होता. त्याच्या टोकाची रबरी रिंग कडक होऊन तुटली आहे आणि स्पिंडलवर लाल गंज आहे, शिवाय बाहेरच्या धातूच्या साच्यातून पांढरी भुकटी निघते आहे. मांडवीकाठ यांनी लिहिल्याप्रमाणे डावीकडचे छिद्र पानांच्या चिखलाने पूर्ण बुजलेले होते आणि पन्हाळीत पाणी उभे होते. हा पिव्होट दुरुस्त होतो की लिंकेजच बदलावे लागेल?

जुना_वायरमन

पांढरी भुकटी म्हणजे साच्याच्या मिश्रधातूचा गंज. तो फुगतो आणि आतला बुश स्पिंडलला आवळतो. लोखंडी स्पिंडलवरचा लाल गंज त्यात भर घालतो.

पिव्होटच्या वरच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि वॉशर असतील, तर तो खुलणारा आहे. सर्क्लिप काढून स्पिंडल खालच्या बाजूने हलवत-हलवत बाहेर काढा. स्पिंडल ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून घासा. बुशच्या आतला भाग गोल गुंडाळलेल्या त्याच कागदाने फक्त भुकटी निघेपर्यंत साफ करा, धातू झिजवू नका. स्वच्छ पुसून लिथियम ग्रीस भरपूर लावा आणि रबरी रिंग नवीन बसवा. जुनी रिंग पुन्हा वापरली तर पुढच्या पावसाळ्यात हेच काम परत करावे लागेल. स्पिंडल घातल्यावर तो बोटांनी फिरला पाहिजे आणि आडवा हलता कामा नये. आडवा हलत असेल तर बुश झिजलेला आहे. कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये लेथवर पितळी बुश करून मिळू शकेल, मात्र लिंकेजची किंमत विचारून मगच त्या वाटेला जावे. पिव्होट रिबिट मारून कायमचा बंद केलेला असेल, तर लिंकेज बदलणे हाच मार्ग आहे, तरीही मोटर जुनीच ठेवता येईल.

पुष्कळ लोक अशा वेळी वरून गंजरोधक स्प्रे मारतात आणि पिव्होट मोकळा झाला म्हणून समाधान मानतात. तो स्प्रे पातळ असतो, थोड्याच दिवसांत उडून जातो आणि जाताना उरलेले ग्रीसही धुऊन नेतो. तो खोलण्यासाठी आहे, वंगणासाठी नाही.

गोळी-वाटीच्या जोडांमधील नायलॉनच्या वाट्याही पाहून घ्या. त्या सैल असतील तर चालत्या गाडीत जोड निसटतो आणि एक किंवा दोन्ही दांडे अचानक पडून राहतात.

उत्तरवारा

मी टोरोंटोला राहतो. इथे हिवाळ्यात पाती काचेला गोठून चिकटतात आणि कोणी तशीच वायपर सुरू केली की दांड्याच्या बुंध्यातले दाते झिजून सपाट होतात. मग मोटर आणि स्पिंडल फिरतात, पण दांडा जागचा हलत नाही. हे भारतातही घडू शकते, कारण दांडा परत बसवताना नट पुरेसा आवळला नाही तर दाते असेच घासले जातात. दाते तारेच्या ब्रशने साफ करून, दांडा खुणेवर बसवून, नट नीट आवळावा आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासावा. सैल नटावर चालवलेला नवा दांडासुद्धा वाया जातो.

पाऊसवेडा_नाशिक

घाटात वायपर बंद पडले आणि थांबणे भाग असले तरी, पाऊस ओसरल्यावर जवळच्या गावापर्यंत तरी पोहोचावे लागते. अशा वेळी जुने ट्रकचालक काचेवर तंबाखू चोळतात किंवा बटाट्याची फोड फिरवतात, असे ऐकले आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

रबरपट्टी

थोडासा होतो. बटाट्यातील स्टार्चचा किंवा तंबाखूच्या रसाचा पातळ थर काचेवर बसला, की पाण्याचे थेंब न बनता ते सपाट पसरते आणि पलीकडचे काहीसे दिसू लागते. परंतु तो थर जोराच्या सरीत लवकर धुऊन जातो आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच पांढरी दिसते. बाजारात मिळणारे पाणी झटकणारे द्रव याच्या उलट काम करतात. त्यांनी थेंब गोल होतात आणि वाऱ्याने उडून जातात, पण त्यासाठी गाडीला महामार्गाचा वेग लागतो. घाटाच्या वळणांवर थेंब काचेवरच राहतात. म्हणून सर ओसरेपर्यंत सुरक्षित जागी, वळण टाळून, धोक्याचे दिवे लावून थांबणे हाच माझा आग्रह राहील. डिझेल किंवा खाण्याचे तेल काचेवर मुळीच लावू नये.

घाटवाट

पिव्होट खुलणारा निघाला. स्पिंडल साफ करून, नवी रिंग आणि ग्रीस घालून बसवला; तो आडवा हलत नाही. उजवीकडचाही त्याच वेळी खोलून ग्रीस केला. पन्हाळीची दोन्ही छिद्रे साफ करून, तांब्याने पाणी ओतून ते खाली जाते आहे याची खात्री केली. ओल्या काचेवर आता हळू वेगाच्या चाळीस आणि जलद वेगाच्या साठाहून जास्त फेऱ्या होतात. त्यानंतर आंबा घाटात दिवसभराच्या संततधारेत गाडी नेली, वायपर कुठेही अडखळले नाहीत आणि हात लावून पाहिला तेव्हा मोटर कोमटच होती. जुने वायरमन काका, आपण केवळ लक्षणांवरून दिशा दाखवलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

जुना_वायरमन

वाचून फार आनंद झाला. दिवाळीनंतर एकदा जाळी उचलून पन्हाळ पुन्हा पाहावी, कारण पानगळीत ती परत भरते.

सिंहगडरोड

जाताजाता एक प्रश्न. माझ्या गाडीचा मागच्या काचेचा वायपर पूर्ण बंद आहे, आवाजही येत नाही. त्यालाही हीच तपासणी लागू होते का?

जुना_वायरमन

मागच्या वायपरला लिंकेज नसते. मोटरच्या डब्यातूनच स्पिंडल काचेबाहेर येतो. त्यामुळे स्पिंडलची रबरी रिंग गेली की पाणी थेट मोटरमध्ये उतरते. शिवाय अनेक गाड्यांत मागची फवाऱ्याची नळीही तिथूनच जाते, आणि तिचा जोड सुटला तरी पाणी आतच सांडते. मागच्या दाराचे आतले प्लास्टिकचे आवरण काढा आणि मोटरखाली पाण्याचे डाग किंवा हिरवट झालेल्या पिना दिसतात का, ते पाहा. पिना स्वच्छ असल्या तर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तारा तपासा. दार सतत उघडझाप झाल्याने त्या तिथे आतल्या आत तुटतात आणि बाहेरून शाबूत दिसतात. मीटर लावताना एक काळजी घ्या. बऱ्याच गाड्यांमध्ये मागचे दार उघडे असेल तर मागच्या वायपरला वीजच मिळत नाही, तेव्हा दाराचे कुलूप पेचकसाने बंद स्थितीत आणून मगच व्होल्टेज मोजा, आणि काम झाल्यावर दार लावण्यापूर्वी ते हँडलने पुन्हा उघडून घ्या.